तिवरपाड्याचे लाकडी देऊळ

मित्रांनो, मी एक जुने चर्च आहे, पण तुमच्या पुस्तकातल्या चित्रात असते तसले नव्हे. मला दगडी भिंती नाहीत, उंच मनोरा नाही आणि रंगीत काचा तर नाहीतच. मी सगळे लाकडाचे. वर मंगळुरी कौले, खाली मुरमाची जमीन आणि मध्ये सागवानाच्या पाच कमानी. पूर्वी त्या सात होत्या. पाच कशा उरल्या आणि त्या इथवर कुणी आणल्या, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म समुद्राच्या काठी झाला. घिवलीच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी, तिवरपाडा नावाचे एक लहान गाव होते. मासेमारांची घरे, थोडी भातशेती, नारळाच्या दोनचार वाड्या. तिथे ल्यूथरन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचे योहान पाद्री राहायला आले, ते थंडीच्या कुठल्याशा दूरच्या देशातून. गावातली चौदा घरे त्यांच्या मंडळीत आली आणि उपासनेला जागा हवी झाली. पाद्र्यांना दगडी चर्च बांधायचे होते, पण त्या खारट वाळूत पाया धरेना आणि पालघराहून आलेला गवंडी दोनदा जागा बघून परत गेला. शेवटी पाद्री भगवंत सुताराकडे गेले. भगवंत होड्या बांधायचा. त्याची शेड माझ्या अंगणासमोरच होती.

भगवंत म्हणाला, "मला होडी येते, साहेब. घर येत नाय."

पाद्र्यांचे मराठी मोडकेतोडके होते. ते म्हणाले, "मग होडी बांधा. आपण उलटी ठेवू."

आणि भगवंताने खरोखर तसेच केले. जव्हारच्या जंगलातून बैलगाड्यांवर सागवान आले. त्याने होडीच्या बरगड्या कराव्यात तशा सात कमानी केल्या आणि वाळूवर आडव्या मांडल्या. लोखंडी खिळा त्याने एकही वापरला नाही. खाऱ्या वाऱ्यात खिळा दहा वर्षांत गंजतो, हे त्याला ठाऊक होते. सगळे सांधे त्याने लाकडी मेखा ठोकून बसवले. त्याला अक्षरओळख नव्हती. म्हणून कुठला तुकडा कुठे बसायचा हे लक्षात राहावे, यासाठी एकमेकांना भेटणाऱ्या दोन तुकड्यांवर तो पटाशीने सारखीच खूण कोरी. कुठे दोन रेघा, कुठे मासा, कुठे विळा, कुठे कोंबडीचा पाय. सन एकोणीसशे अकराच्या नाताळात मी उभे राहिले. पाद्री मला प्रार्थनामंदिर म्हणत. गाव मात्र मला पहिल्या दिवसापासून लाकडी देऊळ म्हणू लागले आणि तेच नाव टिकले.

ते माझे उमेदीचे दिवस होते. रविवारी उपासना आणि गाणी, इतर दिवशी शाळा. तापाची मोठी साथ आली तेव्हा माझे बाक जोडून खाटा केल्या होत्या. त्यांवर मंडळीतले लोक निजले, तसे मंडळीबाहेरचेही निजले. एका वर्षी दिवाळीनंतर भयंकर वादळ आले. सारे गाव तीन दिवस माझ्या पोटात राहिले. कुणी वेदीजवळ चूल मांडली तरी पाद्री रागावले नाहीत. त्याच वादळात माझ्या दुसऱ्या कमानीखाली एका कोळणीला मुलगा झाला. जीव वाचला म्हणून तिने त्याचे नाव जिवल्या ठेवले. लांबून पाहुणे येत, मान वर करून माझ्या कमानी बघत आणि हे कुणी केले म्हणून विचारत. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग हळूहळू दिवस पालटले. योहान पाद्री म्हातारे होऊन आपल्या देशी परतले. भगवंत सुतार गेला आणि शेडमध्ये त्याचा मुलगा धर्माजी होड्या बांधू लागला. मंडळीतली तरुण माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि तिकडचीच झाली. गावात सरकारी शाळा निघाली, तशी माझी शाळा बंद पडली. चौदाची चार घरे उरली. नवे पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, दोन महिन्यांतून एकदा येत. माझ्या पडवीत शेळ्या बसू लागल्या. पश्चिमेच्या दोन कमानींच्या बुंध्यांना वाळवी लागली, ती कितीतरी दिवस कुणाला कळलीही नाही.

कळली ती जयवंतीला. तिच्याविषयी तुम्हाला सांगायलाच हवे. माझ्या शाळेचे शेवटचे मास्तर तिचे पती. ते वारल्यावर माझी किल्ली तिच्याकडे आली. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी बाई. ती मला झाडून काढी, वाळवीवर राख आणि चुना टाकी आणि दर रविवारी घंटा वाजवी. पाळक नसले तर स्वतःच बायबलमधला उतारा वाचे. समोर कधी दहा माणसे असत, कधी सहा. एका आषाढातल्या रविवारी एकही माणूस आला नाही. तिने तरी पूर्ण उतारा वाचला, पुस्तक मिटले, चष्मा पुसला आणि ती घरी गेली. तिने तो कुणासाठी वाचला, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होते.

एकोणीसशे बासष्ट साल उजाडले आणि गावात तांबडे-पांढरे बांबू घेऊन माणसे मोजणीला आली. त्या किनाऱ्यावर विजेचे मोठे केंद्र व्हायचे होते. तिवरपाड्याची जागा त्यात गेली. गावाला आत, तीन मैलांवर, मुरमाड माळावर नव्या वसाहतीत जागा मिळाली. हलण्यासाठी तारीख ठरली आणि सामान न्यायला प्रत्येक घराला ट्रकची एक फेरी मिळणार, असे सांगण्यात आले. लोक रडले, भांडले आणि अखेर आपापल्या घरांची कौले उतरवू लागले.

त्या रविवारी पाळक कृष्णकांत आले. सज्जन माणूस, पण नियमाला धरून चालणारा. उपासना झाल्यावर त्यांनी मिशनच्या कचेरीचे पत्र वाचून दाखवले. मंडळी लहान आहे, इमारत जुनी आहे, ती नव्या जागी नेण्याची सोय नाही. तरी लाकूड विकून टाकावे. वखारवाला पंधरा दिवसांनी ते न्यायला येईल.

मग जयवंती उठली.

"पंधरा दिस ते आपलंच हाय ना?" तिने विचारले.

पाळक म्हणाले, "आहे. पण जयवंतीबाई, हे उचलून नेणं सोपं नाही. आपण इन मीन अकरा माणसं. त्यात निम्म्या म्हाताऱ्या."

"मी तेवढंच इचारते. आपलंच हाय ना?"

"आपलंच आहे," पाळक म्हणाले. मग त्यांनी असेही सांगितले, की चर्च खरेच नव्या जागी उभे राहणार असेल, तर वखारवाल्याला थांबवण्याचे पत्र आपण स्वतः लिहू. पण तसे होईल असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हते.

जयवंती तशीच अंगण ओलांडून धर्माजीच्या शेडमध्ये गेली. धर्माजीही तेव्हा साठीला टेकला होता. त्याच्यापुढे एक अर्धी होडी उभी होती. ती जिवल्याची होती, त्या वादळात माझ्या पोटात जन्मलेल्या जिवल्याची. गाव हलायच्या आत ती पाण्यात जायला हवी होती. एकदा माळावर गेल्यावर धर्माजीला होडी बांधायला कुठे मिळणार होती? तिथे समुद्रच नव्हता.

जयवंतीने आपले म्हणणे सांगितले. धर्माजीने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला नाही.

तो म्हणाला, "माजी शेवटची होडी हाय ही, बाय. मला जमायचं नाय."

त्याची बायको सुगंधा तिथेच तागाच्या दोऱ्या वळत बसली होती. ती म्हणाली, की आमची शेड कोण उतरवणार, आमचे घर कोण उतरवणार, आणि तुमच्या देवळाचे तुम्ही बघा. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिचेही घर जात होतेच.

जयवंतीने दुसऱ्यांदा विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिडी लावली आणि मंडळीतल्या बायकांना घेऊन माझी कौले उतरवायला सुरुवात केली. तीन दिवस हातोहात कौले खाली जात होती. मला डोक्यावर ऊन लागायची सवय नव्हती. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आभाळ माझ्या जमिनीवर उतरले.

चौथ्या दिवशी फळ्या काढायच्या होत्या. जयवंतीने पहार घातली आणि जोर लावला. मेख हलेना. तिने आणखी जोर लावला, तशी ती फळी मधोमध तडकली. तो आवाज साऱ्या किनाऱ्याला ऐकू गेला असेल. शेडमधली ठोकाठोक थांबली. थोड्या वेळाने धर्माजी माझ्या दारात आला. वादळाचे ते तीन दिवस सोडले, तर इतकी वर्षे माझ्यासमोर राहून तो कधी आत आला नव्हता. त्याला कुणी मनाई केली नव्हती, आणि बोलावलेही नव्हते.

"असं नाय काडत," तो म्हणाला. "मेख ज्या अंगानं ठोकली, त्याच्या उलट्या अंगानं काडायची. सरका जरा."

त्याने जयवंतीच्या हातातली पहार घेऊन बाजूला ठेवली. कंबरेचा मोगर, म्हणजे लाकडी हातोडा, काढून मेखेच्या मागच्या टोकावर हलकेच चार ठोके दिले. मेख निघून त्याच्या तळहातावर पडली. सांधा उघडा झाला आणि आत दोन्ही तुकड्यांवर मासा दिसला. धर्माजी त्या माशाकडे बघतच राहिला. मग तो दुसऱ्या सांध्याकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. विळा निघाला, कोंबडीचा पाय निघाला. होडी बांधताना त्याच्या बापाने त्याला याच खुणा शिकवल्या होत्या.

तो जयवंतीला म्हणाला, "आमच्या बाबानं हे परत जोडाया सोपं पडावं असंच केलंय. आता मला इथून जाता येयाचं नाय."

अशी जिवल्याची होडी मागे पडली. दोन दिवसांनी जिवल्या तावातावाने आला. तो चांगला चाळिशीचा, भरदार माणूस. त्याला आपली होडी हवी होती आणि त्याचे म्हणणे रास्त होते. धर्माजी कमानीवर चढलेला होता. तो वरूनच शांतपणे म्हणाला, की हे खाली उतरल्याशिवाय मी होडीला हात लावणार नाही, तुला घाई असेल तर माणसे आण. जिवल्या चिडून निघून गेला. दुपारी तो आठ खलाशी आणि होड्या ओढायचे जाड दोर घेऊन परत आला. किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्या माणसांना जड वस्तू हळू कशी उतरवायची हे कुणी सांगावे लागत नाही. एका सुरात हाका देत त्यांनी माझी एकेक कमान वाळूवर आणली. माझ्या आयुष्याची जशी आडव्या कमानींनी सुरुवात झाली होती, तसेच मी पुन्हा आडवे पडले. मला भीती वाटत होती. पण इतक्या हातांचा स्पर्श मला फार दिवसांनी होत होता, हेही खरे.

पश्चिमेच्या दोन कमानी मात्र खाली येताच बुंध्याशी मोडल्या. वाळवीने त्या आतून पोखरल्या होत्या. धर्माजीने त्यांचे चांगले उरलेले लाकूड कापून वेगळे केले आणि बाकीचे तिथेच सोडले.

आता प्रश्न राहिला नेण्याचा. चर्च म्हणजे काही घर नव्हे, त्यामुळे माझ्या नावावर ट्रकची फेरी नव्हती. ज्या दिवशी जयवंतीच्या घराची पाळी होती, त्या दिवशी ट्रक आला. चालक नागोराव, नांदेडकडचा, कामासाठी इकडे आलेला. त्याने जयवंतीच्या दारापुढे गाडी लावली, तर तिने त्याला माझ्या अंगणाकडे वळायला सांगितले.

पडलेल्या कमानी बघून नागोराव म्हणाला, "बाई, ह्ये तर देवळाचं लाकूड हाय. तुमच्या घराचं सामान कुठं हाय?"

"हेच," जयवंती म्हणाली. तिच्या हातात एक गाठोडे आणि एक कंदील होता. "भरा."

तिचे घर तिथेच राहिले. नवऱ्याने हौसेने करून घेतलेला जाळीचा दरवाजा, फणसाच्या लाकडाचा पाट, माळ्याचे वासे, सगळे राहिले. तीन कमानी आणि फळ्या इतक्यानेच ट्रक भरला. दोन कमानी उरल्या. जयवंती त्यांच्याजवळ उभी होती. नागोराव टपावरचे दोर आवळून खाली उतरला, त्याने तिच्याकडे पाहिले आणि विचारले, की उद्या कुणाची पाळी आहे. उद्याची पाळी धर्माजीची होती.

धर्माजीने सुगंधाकडे पाहिले. तिने वळलेल्या दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाली, "शेड राहू दे हिथं. तिकडं शेडीत काय बांदणार हाव?" तिने ते प्रेमाने म्हटले नाही. तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग पुढे कितीतरी वर्षे गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराच्या सामानाबरोबर माझ्या उरलेल्या दोन कमानी, कौले आणि मोडक्या कमानींचे कापलेले लाकूड माळावर आले.

जिवल्याच्या होडीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती धर्माजीच्या हातून पुरी झाली नाही. वरच्या फळ्या बसवायच्या राहिल्या आणि तारीख आली. जिवल्याने ती तशीच दुसऱ्या होडीमागे बांधून पालघरकडच्या माहीमला ओढत नेली. तिथल्या एका सुताराने ती पुरी केली. होडी जाताना धर्माजी गुडघाभर पाण्यात उभा होता, असे जयवंतीने मागाहून मंडळीला सांगितले. त्याने हात हलवला नाही. होडी दिसेनाशी झाल्यावर त्याने ओले धोतर पिळले आणि तो माळाची वाट चालू लागला.

नव्या जागी मी उभे राहायला आठ महिने लागले. धर्माजी दिवसा केंद्राच्या कामावर फळ्या ठोकायला जाई आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येई. माशाला मासा, विळ्याला विळा लावत त्याने मला पुन्हा जोडले. पाळक कृष्णकांतांनी शब्द पाळला. त्यांचे पत्र गेले आणि वखारवाला आला नाही. पहिल्या उपासनेच्या दिवशी ते पाच कमानींखाली उभे राहिले आणि त्यांनी मंडळीपुढे कबूल केले, की आपला विश्वास कमी पडला होता. दोन मोडक्या कमानींच्या उरलेल्या लाकडातून धर्माजीने माझ्या पाठीमागे जयवंतीसाठी एक खोली काढून दिली. ती अजून तिथेच राहते. आठवड्याच्या दिवशी ती माझ्यात शाळा भरवते. कामगारांची मुले येतात, नागोरावाच्याही दोन मुली येतात. कुणी 'हाय' म्हणते, कुणी 'हाव' म्हणते, एखादे हिंदीच बोलते. जयवंती कुणाच्याही बोलण्याला कुणाला हसू देत नाही.

धर्माजी गेल्या वर्षी वारला. छातीचे दुखणे होते. सुगंधा त्यानंतर माझ्याकडे फिरकली नाही. रस्त्यात जयवंती भेटली तरी ती मान वळवून जायची. आपल्या नवऱ्याची शेवटची होडी या देवळाने घेतली, असे तिला वाटत होते. आणि ते खोटे नव्हते.

यंदा वैशाखात माझ्या उत्तरेच्या भिंतीची एक फळी सैल झाली. वाऱ्याने ती दिवसभर आपटत राही. जयवंतीने दोरीने बांधून पाहिली, दगड लावून पाहिला. धर्माजी नाही, आता सुतार कुठून आणावा, या विचारात ती दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मुले पाढे म्हणत असताना सुगंधा दारात आली. तिच्या काखेत कापडात गुंडाळलेली धर्माजीची हत्यारे होती.

ती म्हणाली, "दोन दिस आवाज येतो. मला बसवत नाय घरात."

जयवंती म्हणाली, "ठेव बाय हत्यारं. मी कुणाला तरी बोलावते."

"कुणाला नको." सुगंधाने पदर खोचला. "कसं ठोकायचं ते मला ठाऊक हाय. चाळीस वर्सं मी त्येच आयकलंय."

तिने जुनी मेख काढली, उलट्या अंगाने. लाकडाचा एक तुकडा घेऊन पटाशीने नवी मेख तासली. दोनदा ती फार बारीक झाली, तिसऱ्यांदा नीट झाली. जयवंतीने फळी दोन्ही हातांनी दाबून धरली. मुलांचे पाढे आपोआप थांबले होते. सुगंधाने मोगर उचलला आणि ठोका दिला, आणि कान देऊन उभी राहिली. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक ठोक्याचा आवाज आधीच्याहून जरा भरीव येत होता. सहाव्या ठोक्यावर ती थांबली.

"बसली," ती म्हणाली. मग खाली बसून तिने तोंडावर पदर घेतला. जयवंती तिच्याशेजारी भुईवर बसली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वास्तू तुमच्याही गावात असतील. कुठे एखादी विहीर असेल, कुठे पार, कुठे एखादी मशीद किंवा मारुतीचे लहानसे देऊळ. त्या तुमच्या देवाच्या असतील किंवा नसतील. त्यांची काळजी घ्या. निदान त्यांच्या जवळून जाताना घटकाभर थांबून ऐका, कुठली फळी आपटते आहे का. ऐकू आले, तर मग घरी बसू नका.